पाऊण इंच

"साहेब, सायकल लंगडतीय तुमची."

चिंचेखाली बसलेल्या मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं. त्यांच्या पुढ्यात एक चाक आडवं होतं, हातात तारा आवळायची किल्ली होती आणि मी त्यांच्यासमोरून चांगला दहा फूट पुढे गेलो होतो. सकाळचे साडेसहा. सिंहगड रस्त्याला नांदेड फाट्याच्या अलीकडे वाहनांचा कल्ला अजून सुरू व्हायचा होता, म्हणून त्यांना ऐकू आलं असावं. मला मात्र गेल्या दोन महिन्यांत कधीच आलं नव्हतं.

मी वळून आलो. "लंगडते म्हणजे?"

"ऐका की. एक पाय लवकर पडतोय, एक उशिरा."

सायकलबद्दल बोलताना ते 'पाय' म्हणाले. मला गंमत वाटली. आणि लगेच माझा हात डाव्या गुडघ्याकडे गेला.

निवृत्त झालेल्या माणसाला दोन गोष्टी सुचतात, आत्मचरित्र आणि व्यायाम. मी त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून दुसरी निवडली. मागच्या गॅलरीत माझ्या वडिलांची, अण्णांची, चोवीस इंची काळी सायकल एकोणीस वर्षं गोणपाटाखाली उभी होती. अण्णा गेले त्यानंतर तिच्यावर कुणी बसलं नव्हतं आणि ती काढून टाकायचं धाडसही कुणाला झालं नव्हतं. हँडलखाली म्युनिसिपालिटीचा गंजका बिल्ला, सीटमागे औजारांची चामडी पेटी, सगळं जिथल्या तिथे. ती खाली उतरवताना जिन्यात हातातून सुटली आणि उजव्या अंगावर पडली. पण लोखंड ते लोखंड, त्याला काय होतंय, असं म्हणून मी ती जवळच्याच एका दुकानात नेली. तिथल्या पोराने टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं बदलली, मधला ॲक्सल उघडून नवे छर्रे भरले, ग्रीस घातलं आणि सायकल चकचकीत पुसून दिली. दुसऱ्या दिवसापासून मी कर्वेनगरातून खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊ लागलो.

आठवड्याभरात डावा गुडघा बोलू लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला, जिना उतरताना जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि 'वयाप्रमाणे आहे' हा साठीनंतरचा सगळ्यात अपमानास्पद निकाल दिला. मी गोळ्या घेतल्या, पट्टा बांधला, वजन कमी करायचा निश्चय केला. सायकलकडे बोट दाखवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. यंत्र आणि माणूस यांच्यात काही बिघडलं की आपण आधी माणसालाच दोष देतो, त्यातही म्हातारा असेल तर जास्तच.

मिस्त्रींनी सायकल स्टँडवर घेतली आणि उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने फिरवत वर आणला, सीटखालच्या नळ्याला समांतर दिसेल असा. मग मला म्हणाले, "आता तिकडनं या, डावा बघा." मी दुसऱ्या बाजूला जाऊन वाकलो. उजवा जर नळ्याच्या रेषेत वर गेलाय, तर डावा त्याच रेषेत सरळ खाली उतरायला हवा. दोन्ही मिळून एकच दांडी वाटावी, मधोमध ॲक्सल. तसं नव्हतं. डाव्याचं टोक रेषेपासून दोन बोटं मागे होतं. घड्याळात सहा वाजायला हवेत आणि काटे साडेसहाकडे झुकलेले असावेत, तसं.

"कॉटर कुणी भरल्या ह्या?"

दुकानाचं नाव मी घेतलं नाही. पुण्यात दुकानदाराची निंदा दुकानदाराच्या समोर करायची असते, पाठीमागे नाही.

कॉटर ही जुन्या सायकलीतली बोटाएवढी वस्तू. पण अख्ख्या सायकलीचा तोल ती धरून असते. क्रँक ॲक्सलवर नुसता अडकवलेला असतो. क्रँकला आडवं भोक असतं आणि त्यातून ही पोलादी खुंटी ठोकून बसवतात. खुंटी एका अंगाने तिरकी तासलेली असते. ती तासलेली बाजू ॲक्सलवरच्या सपाट खाचेला चिकटून बसते आणि क्रँकला जागचा हलू देत नाही. पाचर मारावी तसंच. आता डावीकडची कॉटर वरून घातली तर उजवीकडची खालून घालायची. म्हणजे पायडलं आडवी असताना एका कॉटरचा नट आभाळाकडे आणि दुसरीचा जमिनीकडे. क्रँक अर्धी फेरी फिरला की दोघींची अदलाबदल. त्या पोराने दोन्ही नट डोळ्यांपुढे यावेत म्हणून दोन्ही कॉटर एकाच अंगाने घातल्या होत्या. दिसायला नीटनेटकं. पण पाचर उलट्या बाजूने बसली की क्रँक त्या कोनाएवढा सरकतो आणि दोन पायांमधला सरळपणा जातो.

मिस्त्रींनी कॉटर काढल्या तेही बघण्यासारखं. नट सैल करून तो आट्यांच्या टोकापाशी ठेवला, म्हणजे हातोडीने आटे चेंगरू नयेत. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवला, म्हणजे घाव जमिनीत जावा, आतल्या छर्ऱ्यांवर नाही. मग एकच घाव. दबकत मारलेले दहा घाव कॉटर वाकवतात, नेमका मारलेला एक घाव ती काढतो. दुसरी कॉटरही तशीच. नव्या कॉटरी त्यांनी कानशीवर दोन-तीनदा ओढल्या, घालून पाहिल्या, काढल्या, पुन्हा ओढल्या. "दोन्ही सारख्याच तासायच्या. एक जास्त तासली की परत लंगडी." ठोकून बसवल्यावरच नट आवळला. "नट कॉटरला धरून ठेवायला असतो. नटानं ओढून कॉटर बसवायची नसते," असंही त्यांनी सांगितलं, जणू मीच ती बसवली होती.

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तरी तासाला ३,६०० वेळा माझा एक पाय दुसऱ्याची चुकलेली वेळ सांभाळून घेत होता. एक पाय वर पोचायच्या आतच दुसऱ्याला जोर लावावा लागत होता. माझ्या कमरेला हे कळत होतं, मांडीला कळत होतं, गुडघ्याला तर चांगलंच कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त मला. शरीर इतकं सोशिक असतं की वाकडेपणाशी मुकाट्याने जुळवून घेतं, आणि अशा जुळवून घेण्याला आपण सवय म्हणतो.

मग त्यांनी उजवं पायडल दोन बोटांनी धरलं आणि क्रँक सावकाश फिरवला. पायडलचं बाहेरचं टोक जागेवर न राहता हवेत छोटं वर्तुळ काढत होतं, शाईने कागदावर शून्य काढावं तसं. "पायडलचा ॲक्सल वाकलाय. कुठं आपटली काय?" जिन्यातली गोष्ट मला कबूल करावी लागली. वाकलेल्या ॲक्सलवर पाऊल स्थिर राहत नाही. प्रत्येक फेरीला ते किंचित आत, किंचित बाहेर डोलतं आणि घोट्याला वाटतं आपण होडीत उभे आहोत.

पायडल काढताना मी मदतीला पाना धरला आणि डावीकडचंही सैल आहे का बघायला गेलो. "अहो, तिकडं उलटं फिरवायचं!" डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मी कधीतरी ऐकलं होतं, का ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कारण सांगितलं नाही, दाखवलं. माझ्या खिशातली पेन्सिल मुठीत सैल धरायला लावली आणि तिचं टोक हवेत गोल फिरवायला सांगितलं. टोक एका दिशेने गोल जात होतं आणि पेन्सिल मुठीत स्वतःभोवती नेमकी उलट्या दिशेने सरकत होती. पायडलच्या ॲक्सलवर पायाचा भार फेरीगणिक असाच फिरत राहतो आणि ॲक्सल आट्यात कणाकणाने वळतो. दोन्हीकडे सुलटेच आटे ठेवले तर डावं पायडल चालता चालता उलगडून रस्त्यावर पडेल. विमानाच्या नादी लागण्याआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपल्या सायकलींना असंच उलट्या आट्याचं डावं पायडल बसवलं होतं, हे मी नंतर वाचलं. उडण्याच्या तीन वर्षं आधी ते पायाखालचं नीट करत होते तर. मला पटलेली गोष्ट निराळीच. सायकलीच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसतात, पण त्या नीट चालाव्यात म्हणून त्यांना आतून वेगळं करावं लागतं.

शरीराच्या दोन बाजूंचंही असंच असावं. माझी मुलगी बाणेरला राहते आणि तिच्या सायकलची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढी आहे. तिने मध्यंतरी 'बाइक फिट' करून घेतला. सायकल स्टँडवर, ती सायकलवर, गुडघ्याला, घोट्याला, कमरेला चिकटवलेले ठिपके, समोर कॅमेरा. पायडल आडवं असताना गुडघ्याच्या पुढच्या भागावरून ओळंबा सोडून तो पायडलच्या ॲक्सलवर येतो का पाहिलं. पायडलं जिथे बसतात तिथे दोन क्रँकच्या बाहेरच्या अंगांमध्ये किती अंतर पडतं तेही मोजलं. त्या अंतराला क्यू-फॅक्टर म्हणतात. ग्रँट पीटरसन या अमेरिकन सायकलवाल्याने ते नाव पाडलं आणि त्यातला क्यू हा बदकाच्या 'क्वॅक'चा. पाय फार फाकवले की माणूस बदकासारखा फेंगडा चालतो म्हणून! शेवटी तिच्या उजव्या बुटाखाली एक पातळ चकती बसवली, कारण तिचा उजवा पाय किंचित आखूड निघाला. "बाबा, कुणाचेच दोन पाय सारखे नसतात," तिने मला त्या दिवशी सांगितलं. मी मान डोलावली होती. ऐकणं आणि कळणं यांच्यातही एखादी कॉटर असते बहुतेक.

एडी मर्क्सची गोष्टही तिनेच सांगितलेली. बेल्जियमचा हा सायकलपटू १९६९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या ब्लोआच्या ट्रॅकवर पडला. त्याच्यापुढे मोटर लावलेली सायकल चालवणारा जोडीदार त्या अपघातात गेला, मर्क्सचं कंबरेचं हाड जागचं हललं. त्यानंतर तो सीट कधी वर, कधी खाली, कधी पुढे करत राहिला. खिशात किल्ली ठेवून शर्यत चालू असतानासुद्धा! आणि तरी टूर द फ्रान्स त्याने त्यानंतर आणखी चार वेळा जिंकली. सरळ झाल्यावर जिंकला असं नाही. आपला वाकडेपणा रोज मोजत, रोज त्याला जागा करून देत जिंकला.

हे सगळं मला आठवायचं कारण मिस्त्रींनी दिलं. उजवीकडे त्यांनी डब्यातलं एक जुनं पण सरळ पायडल बसवलं, मग डावीकडे आले आणि चपलेच्या अंगठ्याने डावं पायडल टपकन उलटं केलं. त्याच्या एका बाजूला, रबरी ठोकळ्यांवर, एक जाड काळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली होती.

"ह्याचं काय करायचं?"

"ते तसंच असतं," मी म्हणालो.

म्हणालो आणि स्वतःशीच थबकलो. साठ वर्षांचा माणूस मी, आणि माझी खरोखरच समजूत होती की डाव्या पायडलला ती पट्टी असतेच. मी सायकल शिकलो ती ह्याच सायकलवर. उंची पुरत नव्हती म्हणून नळ्याखालून उजवा पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत. पट्टीच्या वजनाने पायडलची ती बाजू नेहमी खाली लोंबायची. चढायच्या आधी अंगठ्याने टप करून ते उलटायचं, मग डावा पाय त्यावर ठेवायचा, हे मी अण्णांचं बघून शिकलो होतो. तो सायकल चालवण्याचाच भाग आहे असं मला वाटे. भाड्याने तासावर घेतलेल्या सायकलींना पट्टी नसे तेव्हा मी मनात म्हणायचो, स्वस्तातल्या आहेत.

मिस्त्री खाली वाकून पट्टी न्याहाळत होते. "हे चांभाराचं काम हाय. चामडं थरावर थर लावलंय, कडंनं शिवलंय, रापीनं कडा तासल्यात बघा. वरनं टायरचा तुकडा, घसरू नये म्हणून." त्यांनी नखाने जाडी मोजली. "पाऊण इंच. वाकडं न्हाई हे. मापाचं हाय. कुणाच्या तरी."

कुणाच्या, हे मला सांगायची गरज नव्हती.

अण्णा लहानपणी कोकणात आंब्यावरून पडले. डावी मांडी मोडली. हाडवैद्याने बांधली, हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड जुळला. घरात ह्याबद्दल कुणी बोलत नसे. अण्णा तर नाहीच. आम्हाला ती गोष्ट आजीने सांगितली, तीही एकदाच. पण संध्याकाळी अण्णा आले हे आम्हाला वाड्याच्या माडीवर बसून कळायचं. आधी बोळाच्या तोंडाशी घंटी, मग स्टँडचा खट्ट आवाज, आणि मग चौकातल्या फरसबंदीवरून येणारी पावलं. एक लवकर, एक उशिरा.

त्यांना डॉक्टरांनी चपलेला जाड टाच लावून घ्यायला सांगितलं होतं, असं आई म्हणायची. त्यांनी लावली नाही. मला आता त्याचं कारण दिसतं. चपलेची टाच ऑफिसात सगळ्यांना दिसते, लग्नात पंगतीबाहेर काढून ठेवलेल्या चपलांच्या रांगेत दिसते, देवळात दिसते. पायडलकडे कोण बघतं? सदाशिव पेठेतून सोन्या मारुतीवरून, क्वार्टर गेटवरून ते रोज कॅम्पात जात आणि येत. तीस-एक वर्षं. कुठल्याशा चांभाराच्या शेजारी बसून त्यांनी ही पट्टी थरावर थर चढवत बनवून घेतली असणार. आधी एक थर, बसून बघायचं, अजून एक, पुन्हा बसून बघायचं. ना ठिपके, ना कॅमेरा. मापाला फक्त स्वतःची कंबर.

आणि मला त्यांची सायकलवरची आकृती आठवली. ताठ पाठ, एका लयीत वरखाली होणारे गुडघे, धोतराला क्लिप. सायकलवर बसले की अण्णा लंगडत नसत. मी मुलगा असून हे मला चिंचेखाली उभा राहून, एका अनोळखी माणसाने पायडल उलटं केल्यावर कळावं, ह्याची लाज वाटली. थोडा वेळ मी काहीच बोललो नाही. मिस्त्रींनीही घाई केली नाही, ते पाण्याच्या घमेल्यात एक ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसले.

माझे पाय बरोबरीचे आहेत, निदान पाऊण इंचाचा फरक तरी नाही. त्या पट्टीमुळे दर फेरीला माझा डावा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडून वर येत होता आणि वाटीवर ताण पडत होता. कॉटरीने आणि वाकलेल्या ॲक्सलने त्यात भर घातली. तिन्ही कारणं एकाच गुडघ्यात जाऊन बसली होती, पण तिन्ही एका जातीची नव्हती. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करायच्या. तिसरी चूक नव्हतीच. ते दुसऱ्याच्या अंगाचं माप होतं, जे मी माझं समजून वापरत होतो. वडिलांचं धोतर नेसता येतं, कोट जरा ओढून-ताणून घालता येतो. पायडलला मात्र असं चालत नाही, ते मिलिमीटरचा हिशेब ठेवतं.

"काढा," मी म्हणालो.

स्क्रू गंजलेले होते. रॉकेलचे दोन थेंब, थोडा धीर, मग पेचकसाला हळूच झटका. पट्टी निघाली तिच्याखाली पायडलचं रबर कोरं करकरीत होतं, वरच्या नक्षीसकट. इतकी वर्षं त्याला कुणाचा पायच लागला नव्हता.

मग सीट. मिस्त्रींनी मला सायकलवर बसवलं, झाडाला हात टेकवायला सांगितलं, आणि पायडल खाली नेऊन त्यावर पायाचा पंजा नाही, टाच ठेवायला लावली. टाच ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पंजा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडी वाक उरते, तेवढीच हवी. सीट बोटभर वर गेली. कंबर डावीकडे-उजवीकडे डुलते का ते त्यांनी मागे उभं राहून पाहिलं. माझ्या उजव्या पावलाचा चवडा बाहेर वळलेला असतो, तो मी मुद्दाम सरळ करून ठेवला होता. त्यांनी ते बरोबर पकडलं. "पाय जसा पडतोय तसा पडू द्या. सायकल सरळ केलीय, आता तुम्ही कशाला सरळ होताय?"

मी रस्त्यावर एक चक्कर मारली. आवाज नव्हता. पाय खाली जात होता तिथे दुसरा वर येत होता, वेळेवर. गुडघा त्या दिवशी लगेच थांबला नाही. दोन-तीन आठवडे कुरकुरला, मग विसरला. पण त्या पहिल्या चकरेत एक सांगता न येण्यासारखी गोष्ट झाली. सायकल हलकी वाटली, आणि थोडी परकीही.

पैसे देऊन निघालो तेव्हा मिस्त्रींनी पट्टी जुन्या फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवली.

"टाकू नका. वय झालं की एक पाय आखडतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी सीटमागची चामडी पेटी उघडली आणि पट्टी पान्याशेजारी ठेवली.

आता दोन्ही पायडलं दोन्ही बाजूंनी सारखी आहेत, कुठलीही बाजू वर आली तरी चालते. तरी रोज सकाळी फाटकाबाहेर सायकल काढली की चढण्याआधी माझा अंगठा पुढे होतो आणि डावं पायडल टपकन उलटं करतो.